बॅगेतला जागा लॅपटॉप

परळच्या एका रुग्णालयात मी स्पीच थेरपिस्ट आहे. ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असतं त्यांना शस्त्रक्रियेआधी भेटायचं, धीर द्यायचा, आणि नंतर त्यांना वेगळ्या रीतीने पुन्हा बोलायला शिकवायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं करतेय आणि चांगलं करते. हे सांगताना मला उगाच लाजायला होत नाही.

काही वर्षांपूर्वी या कामात मी माझी स्वतःची एक भर घातली. शस्त्रक्रियेआधी पेशंटच्याच आवाजात रोजची वाक्यं रेकॉर्ड करायची आणि ती त्याच्या फोनवर बटणांवर चढवून द्यायची. बटण दाबलं की त्याचाच आवाज बोलतो. मधले काही आठवडे, जेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही, तेव्हा याचा फार उपयोग होतो. या कामाला विभागात वेगळी वेळ नाही, वेगळं यंत्रही नाही. लॅपटॉप माझा, माइक माझा, वेळ जेवणाच्या सुट्टीतली.

आणि तो लॅपटॉप झोपत नसे.

मी झाकण लावायचे, बॅगेत टाकायचे आणि घरी जाऊन काढला की हाताला चटका बसेल इतका तापलेला असायचा. बॅटरी कधी निम्मी, कधी तळाला. असं चार-पाच महिने चाललं होतं. मी चार्जर लावायचे आणि विसरून जायचे. मशीनमधलं मला कळत नाही अशातला भाग नव्हता. विभागातला प्रिंटर अडला की माझ्याच नावाने हाक येते. पण जे आपल्याला येतं त्याच्याकडे आपण नीट बघत नाही. लॅपटॉप जुना झालाय, तापणारच, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या सोमवारी जे काका आले ते सत्तरीच्या जवळचे होते. मूळचे मालवणकडचे, राहायला शिवडीत. तरुणपणी लालबागच्या एका मिलमध्ये मेंटेनन्सला फिटर होते. मिल बंद पडल्यावर शिवडीच्या गोदामांमधल्या क्रेन आणि फोर्कलिफ्ट दुरुस्त करत त्यांनी उरलेली नोकरी काढली. गुरुवारी त्यांची शस्त्रक्रिया होती. आवाज इतका बसला होता की खरखर आणि श्वास यांच्यामधलं काहीतरी ऐकू यायचं. सोबत काकी होत्या. त्या नवऱ्याच्या वतीने बोलायला लागल्या की काका हात वर करून त्यांना थांबवायचे आणि स्वतः बोलायचे.

माझी वाक्यांची एक छापील यादी असते. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पहिलं वाक्य वाचलं, ‘मला पाणी हवे आहे’, आणि माझ्याकडे बघितलं.

“ह्या असला कोण बोलता?”

काकी हसल्या. मीही हसले. मी काळाचौकीच्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर निम्मी घरं मालवणी होती, त्यामुळे ती बोली मला घरातल्यासारखी कळते, बोलता मात्र येत नाही. मी म्हटलं, “काका, मग यादी बाजूला ठेवू. तुम्ही घरी जे बोलता तेच बोला.”

मग त्यांनी सुरुवात केली. ‘माका पाणी व्हया.’ ‘गो, च्या टाक.’ ‘टीव्हीचो आवाज कमी कर.’ ‘कोण इलो?’ ‘माका सगळा ऐकाक येता, ओरडा नको.’ हे शेवटचं वाक्य मला फारच आवडलं, कारण ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही असं लोक धरून चालतात आणि कानाशी येऊन ओरडतात. पन्नास मिनिटांत आमची अडतीस वाक्यं झाली. प्रत्येक वाक्यानंतर काका पाण्याचा घोट घ्यायचे. शेवटच्या पाचांना त्यांच्या कपाळावर घाम होता.

रेकॉर्ड करताना मी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली ओढून ठेवते. आवाजाबरोबर स्क्रीनवर रेषा वरखाली उड्या मारत असतात. त्या बघितल्या की पेशंट बोलायचं सोडून रेषांकडे बघत बसतो. तसंच त्या दिवशीही ठेवलं होतं. काम संपलं, माइक काढला, झाकण पूर्ण लावलं, वायरलेस माऊससकट लॅपटॉप बॅगेत टाकला. वाक्यं वेगवेगळी कापून ठेवायचं काम घरी करू म्हटलं. बॅग दुपारभर माझ्या कपाटात होती.

संध्याकाळी परळहून काळाचौकीपर्यंत मी चालत जाते. वाटेत बहिणीचा फोन आला, तिच्याशी बोलत बोलत घरी पोचले. चहा घेतला आणि लॅपटॉप काढला तर तो तव्यासारखा तापलेला आणि मेलेला. चार्जर लावून चालू केला. काकांची फाइल उघडेना. ‘ही फाइल वाचता येत नाही’ एवढंच येत होतं. तीन वेळा प्रयत्न केला, नाव बदलून पाहिलं, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकून पाहिलं. काही नाही.

अडतीस वाक्यं गेली होती. मला आठवत होता तो कपाळावरचा घाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाता जाता ओळखीच्या एका दुकानात लॅपटॉप दाखवला. दुकानदाराने झाकणावर हात ठेवला आणि सांगितलं, “बॅटरी गेली मॅडम. फॉरमॅट पण मारावं लागेल.” पाहिल्याशिवाय ज्या माणसाला इतकं सगळं कळतं त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मी लॅपटॉप उचलला आणि रुग्णालयात आले.

काका मंगळवारी भूलतज्ज्ञांना भेटायला येणार होते. मी त्यांना आणि काकींना माझ्या खोलीत बसवलं आणि सरळ सांगितलं, “काका, कालचं सगळं गेलं. माझ्या लॅपटॉपने दगा दिला. आपल्याला परत करावं लागेल.”

काकींचा चेहरा पडला. काकांनी मात्र एकच विचारलं, “कसा गेला?”

“बंद करून बॅगेत ठेवला होता. झोपत नाही तो. आतल्या आत चालू राहतो, तापतो आणि बॅटरी संपते.”

“किती दिवस?”

“चार-पाच महिने.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मिलमध्ये त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांचं काय होत असेल ते मला कळलं. मग टेबलावर बोट ठेवून म्हणाले, “ता मशीन हयसर हाड.”

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, “काका, तुम्ही बोलू नका. आवाज जपायचाय. लिहून दाखवा.” त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. त्या पिढीच्या फिटरच्या खिशात अजून पेन्सिल असते. माझ्या टेबलावरची एक वही ओढून त्यांनी पानावर उभी रेघ मारली. डावीकडे ‘काय केलं’, उजवीकडे ‘काय झालं’. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘एका वेळी एकच बदल.’

आणि राहवेना म्हणून बोललेच, “दोन गोष्टी बदललंस तर खराब कोण ता कळाचा नाय.”

पुढे लिहिलं: ‘काल केलं तसंच कर. काही सोडू नको.’

मी अगदी कालच्यासारखं करायला घेतलं. चार्जर काढला. माऊस चालू केला. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला. आणि उघडताच स्क्रीनवर एक चौकट आली: मागच्या वेळी काम अर्धवट राहिलं होतं, वाचलेला भाग परत मिळवायचा का? आदल्या संध्याकाळी मी फाइलच उघडत बसले होते, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडलाच नव्हता, म्हणून ही चौकट मला दिसली नव्हती.

“काका, मिळतंय बहुतेक!” मी म्हटलं आणि ‘हो’ दाबलं.

मिनिटभराने फाइल आली. काकी खुर्ची पुढे ओढून बसल्या. मी ती चालू केली आणि स्पीकर मोठा केला, तिघांना ऐकू जावं म्हणून.

आधी नुसती घासाघीस. कापडावर काहीतरी चोळल्यासारखी. मग कपाटाचं दार लागल्याचा आवाज. मग आमच्या विभागातल्या सिस्टर कुणाला तरी लांबून हाका मारतायत. मला उलगडायला लागलं. त्या प्रोग्रॅममध्ये आवाज आला की आपोआप रेकॉर्ड करायची सोय आहे. काल मी प्रोग्रॅम बंदच केला नव्हता. बाहेरचा माइक काढल्यावर त्याने लॅपटॉपचा आतला माइक धरला आणि बॅगेत बसून तो दुपारभर कान लावून होता. काकांची वाक्यं फाइलच्या सुरुवातीला होती, तो भाग गेला होता. वाचलं होतं ते शेपूट.

“म्हणजे हा जागाच होता,” मी म्हटलं. काकांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: ‘बॅगेत जागा. पुरावा आहे.’ मी फाइल पुढे सरकवली. त्यांच्या वाक्यांपैकी एखादं तरी पुढे कुठे चिकटलेलं असेल, अशी वेडी आशा.

रस्ता आला. हॉर्न, केळीवाल्याची हाक, बसचा ब्रेक. आणि मग माझा आवाज. फोनवर बहिणीशी बोलतानाचा, बॅगेच्या कापडातून आलेला, पण प्रत्येक शब्द स्वच्छ.

“नाही गं, कुठची जेवतेय. एक काका आले होते, वाक्यं रेकॉर्ड करायला. आवाज तर गेल्यातच जमा आहे त्यांचा. धड कळत पण नाही काय बोलतायत. पण बायकोला बरं वाटतं ना, म्हणून करायचं. अगं ते सोड, विहारातल्या कार्यक्रमाचं काय ठरलं?”

मी बंद करायला हात नेला तोपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

माझे कान तापले.

काकी उभ्या राहिल्या. बोलताना आधी त्या माझ्याशी सांभाळून, शहरी मराठीत बोलायच्या. आता थेट घरचं आलं. “तुमका असाच वाटत होता तर आमका हयसर कित्याक बोलावलास? माका बरा वाटूक? माका नको तुमची दया.” त्यांनी पर्स खांद्याला लावली.

मी म्हटलं, “काकी, मी चुकले. मी ते बोलायला नको होतं.”

“आमच्या पाठी बोललास, म्हणून नको होता. पुढ्यात बोलला असतास तर चालला असता?”

त्या बरोबर होत्या. मी जे बोलले ते माझं निदान म्हणून चुकीचं नव्हतंच, आवाज खरंच जवळजवळ गेला होता. पण ‘बायकोला बरं वाटतं म्हणून’ हे मी ज्या सहजपणे बोलले होते, तो सहजपणा मला त्या स्पीकरमधून ऐकू आला होता, आणि तो मला माझा वाटेना. मला माझ्या कामाबद्दल जी खात्री असते, तिच्यातच तो कुठून तरी शिरला होता.

काकांनी काकींचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू खोटा काय बोललंस? गेल्यात जमा, ता खराच. पण गेल्यात जमा म्हणजे अजून गेलो नाय.” श्वास घेतला. “मिलात अशीच मशीनां चालवली मी. धा वर्सां.”

आणि लॅपटॉपवर टिचकी मारली. “आधी मशीन. मगे बाकीचा.”

मला वाटलं होतं ते उठून जातील, किंवा मोठेपणाने माफ करतील. दोन्ही झालं नाही. त्यांना बिघाड सापडायला हवा होता. मी ती फाइल बंद केली आणि कामाला लागले. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं आणि हे येत होतं.

पहिली चाचणी: झाकण लावलं आणि थांबलो. काका पुढे वाकले आणि त्यांनी लॅपटॉपच्या बाजूला कान टेकला, डॉक्टर छातीला लावतात तसा. डोळे मिटून तसेच दोन मिनिटं राहिले. मला काही ऐकू येत नव्हतं.

“पंखो फिरता,” ते म्हणाले. “निजूक नाय हां ह्या.”

चाळीस वर्षं यंत्रांच्या गडगडाटात काम करून ज्या माणसाचे कान शाबूत राहतात, त्याने ते जपले असणार. मी झाकण उघडलं आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये गेले. ‘झाकण लावल्यावर काय करायचं’ त्याच्यापुढे लिहिलं होतं: काहीच नाही.

ते मीच केलं होतं. पाच महिन्यांपूर्वी. झाकण अर्धं ओढलं की कधीकधी लॅपटॉप झोपायचा आणि रेकॉर्डिंग थांबायचं, म्हणून मी ते बदललं आणि विसरले. मी काकांना सांगितलं. त्यांनी ‘काय केलं’ खाली लिहिलं: ‘झाकण. मॅडमने स्वतः.’ आणि ‘स्वतः’च्या खाली रेघ मारली. काकींच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला.

“पण काका, दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर तो आपोआप झोपायला हवा. तसं लावलेलं आहे.”

“मग कित्याक निजना?”

हे विचारायचा एक मार्ग मला माहीत होता. कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की लॅपटॉप सांगतो, मला या क्षणी कोण झोपू देत नाहीये. मी टाइप केलं. उत्तर आलं: रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम, माइक वापरात आहे. आम्ही प्रोग्रॅम पूर्ण बंद केला आणि तीच ओळ परत टाइप केली. आता यादीत कोणी नव्हतं. झाकणाचं सेटिंग तसंच ठेवलं, कारण एका वेळी एकच. दहा मिनिटं थांबलो. काकांनी कान लावला आणि बोटाने सांगितलं: बंद. मग झाकणाचंही सेटिंग मी सुधारलं, झाकण लावलं, आणि या वेळी पंखा ताबडतोब थांबला.

मी खूश झाले. “झालं काका!”

त्यांनी पेन्सिल हलवली. नाही. वहीत लिहिलं: ‘मशीन टेबलावर बिघडलं नाही. बॅगेत बिघडलं.’

मी लॅपटॉप आणि माऊस बॅगेत टाकले, बॅग खांद्याला लावली आणि आमच्या मजल्यावरच्या लांब कॉरिडॉरमध्ये चालायला लागले. लिफ्टपर्यंत, तिथून परत, पुन्हा लिफ्टपर्यंत. एक्स-रेच्या रांगेतले लोक बघत होते. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. परत येऊन लॅपटॉप काढला तर कोमट. काकांनी कान लावायच्या आतच मला पंखा ऐकू आला.

परत काळी खिडकी, दुसरी ओळ: शेवटचं कोणी उठवलं? उत्तर: यूएसबीवरचं उपकरण. लॅपटॉपच्या बाजूला नखाएवढा रिसीव्हर खोचलेला होता, माझ्या वायरलेस माऊसचा. माऊस बॅगेत हिंदकळत होता आणि प्रत्येक हिंदकळीला लॅपटॉपला जागं करत होता. झोपलेल्या माणसाच्या खांद्याला कोणी सारखं हलवत राहावं तसं. मी सेटिंगमध्ये जाऊन माऊसचा उठवायचा अधिकार काढून घेतला. पुन्हा बॅग, पुन्हा कॉरिडॉर. या वेळी काकी माझ्याबरोबर चालल्या. लिफ्टपाशी वळताना माझ्या खांद्यावरून बॅग घसरली ती त्यांनीच सावरली.

लॅपटॉप थंड होता. बॅटरीचा आकडा हलला नव्हता.

काकांचा शेवटचा प्रश्न वहीत लिहून तयार होता: ‘बॅटरी संपली तरी काम मरायला नको. त्याची काही सोय असेल ना?’

होती. तिला हायबरनेट म्हणतात. चालू असलेलं सगळं डिस्कवर लिहून ठेवायचं आणि मग मशीन पूर्ण बंद करायचं, म्हणजे वीज नसली तरी काही जात नाही. बॅटरी तळाला गेली की लॅपटॉपने हे आपणहून करायचं असतं. माझ्या लॅपटॉपच्या यादीत तो पर्यायच नव्हता. गेल्या वर्षी डिस्क भरली म्हणून जागा करायला तोही मीच बंद केला होता. मी हे सांगितलं तेव्हा काकांनी लिहिलंसुद्धा नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. जुने, दोन-दोनदा ठेवलेले व्हिडिओ उडवले, जागा झाली, हायबरनेट चालू केलं. सगळं उघडं ठेवून मशीन त्या झोपेत घातलं, परत चालू केलं. अर्धवट लिहिलेलं वाक्य जिथे होतं तिथेच होतं.

या सगळ्यात दीड तास गेला होता. भूलतज्ज्ञांकडचा नंबर येऊन गेला होता, तो मी जाऊन परत लावून आणला.

काका जायला उठले तेव्हा मी म्हटलं, “काका, उद्या परत रेकॉर्ड करू. पण त्याआधी मला एक बोलायचंय. काल मी जे बोलले ते तुमच्या आवाजाबद्दल नव्हतं खरं म्हणजे. मी थकले होते आणि माझं जेवण राहिलं होतं, म्हणून मी तुम्हाला हलकं लेखलं. काकी, तुम्हाला तर जास्तच. मला माफ करा.”

काकी म्हणाल्या, “उद्या डबो हाडतंय. जेवन मगे काम करूया.”

बुधवारी त्या खरंच डबा घेऊन आल्या. भात आणि सुक्या जवळ्याची चटणी. आम्ही तिघं माझ्या टेबलावर जेवलो. मग काकांनी आपली यादी काढली. रात्रभराच्या विचाराने त्यांनी अडतीसची बावीस केली होती. आवाज सोमवारपेक्षाही खाली गेला होता आणि जेवढा उरलाय तेवढ्यात बसेल ते घ्यायचं, असा त्यांचा हिशोब होता. या वेळी मी झाकण ओढलं नाही, लॅपटॉपच भिंतीकडे तोंड करून ठेवला. प्रत्येक वाक्य झालं की ते थांबायचे आणि मी ते तिथल्या तिथे वेगळं साठवायचे. बाविसाव्यानंतर मी सगळ्या फाइल काकांच्या फोनवर घातल्या, वाजवून दाखवल्या, आणि तेव्हाच लॅपटॉप मिटला.

गुरुवारची शस्त्रक्रिया ठीक झाली. चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा काका बसते झाले होते, गळ्याला पट्टी, नाकात नळी, हातात फोन. मला बघून त्यांनी बटण दाबलं. ‘माका सगळा ऐकाक येता, ओरडा नको.’ शेजारच्या खाटेवरच्या माणसाने दचकून वळून बघितलं.

घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी मात्र काकी तक्रार घेऊन आल्या. “ता ‘गो, च्या टाक’ काढून टाका.”

“का? आवाज नीट नाहीये का?”

“आवाज ठीक आसा. पण दर वेळाक एकसारखोच. सकाळी तसोच, दुपारी तसोच. पयले ते च्या मागताना माझ्याकडे बघत होते. आता पेपरातसून डोका पण काढनत नाय, बटण दाबतत.”

काका खाली बघून हसत होते. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांना विचारलं, काढू का? त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: ‘ऑर्डरी सगळ्या काढ. बाकीचं ठेव.’ आम्ही तिघांनी बसून बावीस वाक्यं परत ऐकली. पाणी, चहा, टीव्ही, दार, सगळी मागणी काढली. हाताने खूण करून ते मागता येतं, आणि मागताना माणसाकडे बघावं लागतं, हे काकींचं म्हणणं मला पटलं. हे मला माझ्या कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं. त्यानंतर माझी छापील यादी मी फाडली आणि नवीन केली. तिच्यात मागण्या फार थोड्या आहेत. बऱ्याचशा जागा रिकाम्या आहेत, त्या पेशंटच्या बायकोने किंवा नवऱ्याने भरायच्या.

नंतर काकांच्या गळ्यात छोटा व्हॉल्व्ह बसवला. श्वासासाठी गळ्यावर केलेल्या छिद्रावर अंगठा दाबून, श्वास व्हॉल्व्हमधून घशाकडे वळवून बोलायचं असतं. बहुतेकांना पहिल्या दिवशी नुसता फुसका आवाज येतो आणि ते वैतागतात. काकांनी चौथ्या प्रयत्नात ‘आ’ काढला. मी म्हटलं, आता सलग एक ते पाच म्हणा. त्यांनी अंगठा काढला, छिद्राभोवतीची पट्टी नीट बसवली, परत अंगठा ठेवला. कडेची हवा कुठून निसटते ते त्यांना बरोबर कळलं होतं. एक ते पाच म्हटलं, न थांबता सहा ते दहाही म्हटलं. नवा आवाज जाड आणि घोगरा होता, पण शब्द सुटे होते आणि खोलीच्या दारापर्यंत पोचत होते.

काकी म्हणाल्या, “अकरा म्हणा.”

त्यांनी म्हटलं.